कानाचा साचा

छकुलीच्या उजव्या कानातून त्या सकाळी चौथ्यांदा शिट्टी वाजली, तेव्हा राखी ओट्यावर बसून तिच्या वेण्या घालत होती आणि अंगणात तिचे मोठे दीर, भागवतदादा, नऊ फुटांचा फ्लेक्स उलगडत होते.

शिट्टी अशी फार मोठी नव्हती. बारीक, सरळ. पण राखी ती दर वेळी मोजायची. तीन वर्षांच्या पोरीच्या दोन्ही कानांमागे दोन मशिनी, प्रत्येकीतून निघालेली एक नळी, आणि नळीच्या टोकाला कानात बसणारा मऊ साचा. मशीन तेवढंच राहतं, लेकराचा कान मात्र वाढतो. साचा सैल होतो, फटीतून आवाज बाहेर येतो, परत मशिनीतच शिरतो, आणि मशीन शिट्टी मारतं. हे नागसेन सरांनी याच ओट्यावर समजावलं होतं. राखीच्या सासूबाईंकडून, झुंबरबाईंकडून, त्यांनी उकळत्या पाण्याचा गंज मागून घेतला, त्यावर मापाचं नसलेलं झाकण ठेवलं आणि विचारलं, "मावशी, वाफ कुठून निघाली?"

"फटीतून."

"झालं. तुम्ही पास."

नवा साचा दर चार महिन्यांनी. या खेपेचा मागच्या गुरुवारी चिखलीच्या शिबिरात घ्यायचा होता. शिबिर झालंच नाही. त्याच्या चार दिवस आधी नागसेन सर गेले. पुण्यात, स्वतःच्या कंपनीचा जिना चढता चढता, सेहेचाळिसाव्या वर्षी. टीव्हीवर बातमी आली. पेपरात अर्धं पान आलं: बाजाराच्या दिवशी रेडिओ दुरुस्त करत बसणाऱ्या तुळशीरामचा पोरगा, ज्यानं नऊ राज्यांतल्या लेकरांना परवडतील असे कान दिले. उंद्रीच्या बसस्टँडवर ते पान इतक्या हातांतून फिरलं की घडीवर फाटलं. राखीनं ते वाचलं, रडली, आणि रडता रडताच तिच्या मनात आलं, आता साचा कोण करणार.

त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिनं तोंड धुतलं. तरी दुसऱ्या दिवसापासून ती कंपनीच्या नंबरावर फोन लावत होतीच. 'कार्यालय काही दिवस बंद राहील,' एवढंच पलीकडून ऐकू यायचं. चौदा वेळा लावला. नवऱ्याला, गजेंद्रला, तिनं तो आकडा सांगितला नव्हता.

"कसा वाटते?" भागवतदादांनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

फ्लेक्स अंगणभर पसरला होता. वर कोपऱ्यात नागसेन सरांचा पासपोर्टाएवढा फोटो, त्याखाली हात जोडलेले भागवतदादा, ग्रामपंचायत सदस्य, दोन फुटांचे. बाजूला त्यांचे पाच मित्र, गॉगल लावलेले.

सासरे, पुंजाजी, खाटेवर बसल्या बसल्या चष्मा पुसत होते. त्यांनी चष्मा लावला, फ्लेक्स नीट पाहिला. "मेला कोन हे कसं समजाचं बे याच्यावरून? तुहाच फोटो मोठा हाये. लोक तुलेच हार घालतीन."

गजेंद्र हसला. भागवतदादा नाही हसले. "बाबा, तुमाले नाई समजत. तालुक्यातून मोठमोठे लोक येऊन राह्यले आज विहारात पुण्यानुमोदनाच्या सभेले. उंद्रीतून कोन हाये हे दिसा लागते."

राखीचं लक्ष वरच्या ओळीवर गेलं होतं. 'कै. नागसेन सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' तिनं वेणीची गाठ मारली. मोठ्या दिरांशी ती सरळ बोलत नसे आणि तेही तिच्याशी बोलत नसत. या घरातली ती चाल होती. जे बोलायचं ते गजेंद्रच्या मार्फत.

"अहो, दादांना सांगा, त्यांच्यात कै. नाही लिहीत. कालकथित लिहितात."

"काय फरक पडते?" भागवतदादांनी गजेंद्रलाच विचारलं.

"कै. म्हणजे कैलासवासी," राखी म्हणाली. "ते बौद्ध होते. त्यांना कैलासात कशाला पाठवता."

"फ्लेक्सवाल्याच्या कम्प्युटरमधी आधीपासून कै. टाकेलच असते. नाव तेवढं बदलते थो," भागवतदादा म्हणाले. मग जरा घुश्श्यात, "मेल्यावर मानूस कुठी जाते हे आता तुही बायको ठरवते काय, गजा?"

तेवढ्यात पाचवी शिट्टी वाजली. छकुलीला ती ऐकू येत असावी. तिनं मान झटकली आणि परत आपल्या बाहुलीला खडे भरवायला लागली.

"अन् हे," भागवतदादांनी बोट दाखवलं. "हे बंद करून आना म्हना. थितं भंतेजी बोलत असतीन, सगळे चूप बसेल असतीन, अन् मधातच हे वाजन. तासाभराचा तं सवाल हाये."

बंद करायचं म्हणजे एक बटन दाबायचं. पण मशीन बंद झालं की छकुलीचा चेहरा कसा होतो ते घरात फक्त राखीच बघत असे. एसटी सुटते, काचेआडून माणूस काहीतरी सांगत असतं आणि खाली उभ्या माणसाला नुसते ओठ हललेले दिसतात, त्या खालच्या माणसासारखा. तीन वर्षांची पोर आईच्या ओठांकडे बघत राहते आणि एसटी निघून जाते.

तिनं गजेंद्रकडे पाहिलं. गजेंद्रनं भावाकडे पाहिलं, मग चपलांकडे. "तासाभराचं आहे राखी. बंद ठेवू ना. मैताच्या घरी बरं नाही दिसत."

राखीनं कंगवा बाजूला ठेवला. तिला वाटलं होतं, निदान या बाबतीत तो तिच्या बाजूनं असेल.

झुंबरबाई आतून आल्या. नऊवारीचा काष्टा ताठ, कपाळावर नेहमीचा बंद्या रुपयाएवढा टिळा, आणि हातात वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी. पुडीच्या फाटलेल्या कोपऱ्यातून पांढरं कापड दिसत होतं.

"हे काय हो माय?" भागवतदादांनी विचारलं.

"लुगडं हाये. नागसेनच्या मायले, सिंधूताईले. दुखवटा."

दुखवट्याचं लुगडं म्हणजे मैताच्या घरच्या बाईला तिच्या माहेरच्यांनी न्यायचं. भावानं, बहिणीनं, सोयऱ्यांनी. वाटेल त्यानं न्यायचं नाही. ते नेलं की नातं सांगितल्यासारखं होतं.

"तू कोन लागतं त्याइची?" भागवतदादांचा आवाज खाली आला होता. "भावकी काय म्हनन?"

"मावशी म्हने थो मले."

"मावशी तं सगळेच म्हनतात माय. थो भांडेवाला बी म्हनते."

"भांडेवाला म्हनते अन् भांडं इकून जाते," झुंबरबाई म्हणाल्या. "थो मावशी म्हने अन् याच ओट्यावर माहं ऐकत चूप बसे."

त्या बसण्याची गोष्ट राखीला रोज आठवायची. छकुली दोन वर्षांची होती. मशीन लावून दहा महिने झाले होते आणि बुलढाण्याला कंपनीच्या केंद्रात तिची चाचणी होती. टेबलावर चित्रं मांडायची, स्पीकरमधून शब्द येणार, पोरीनं चित्रावर बोट ठेवायचं. स्पीकर म्हणाला, 'पेरू'. छकुली गप्प. 'टोमॅटो'. गप्प. 'कोथिंबीर'. गप्प. अठरापैकी चार. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर लिहून दिलं की यंत्राचा अपेक्षित उपयोग दिसत नाही. राखी तो कागद घेऊन एसटीत बसली आणि उंद्रीपर्यंत तिनं तो एवढ्या वेळा वाचला की घरी आल्यावर तिला तो पाठ म्हणता आला असता.

तो कागद पुण्यात नागसेन सरांच्या टेबलावर कसा पोचला कोण जाणे. पुढच्या रविवारी ते आले. ओट्यावर चित्रं मांडली आणि स्वतः म्हणाले, "छकुली, पेरू?" पोर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी तीन वेळा म्हटलं. चुलीपाशी बसलेल्या झुंबरबाईंना राहवलं नाही. त्या आतूनच ओरडल्या, "जाम व माय! जाम कोनता, सांग त्याले!" आणि छकुलीनं, पाठ चुलीकडे असताना, ओठ दिसत नसताना, चटकन पेरूच्या चित्रावर बोट ठेवलं.

नागसेन सरांनी हातातली यादी परत वाचली. मग कपाळावर हात मारून हसायला लागले. "मावशी, ही यादी मीच केली. पुण्यात बसून. मी उंद्रीचा मानूस, जामाच्या झाडावरून पडून हात मोडला होता माह्या, अन् मलेच पेरू आठवला."

पुढचे दोन रविवार त्यांनी झुंबरबाईंना समोर बसवून शब्द बोलून घेतले. जाम. भेदरं. सांबार. गंज. इळा. पऱ्हाटी. अठ्ठेचाळीस शब्द. तेव्हापासून अख्ख्या वऱ्हाडात कुठेही लेकराचा कान तपासायचा तर स्पीकरमधून झुंबरबाई बोलायच्या. पुंजाजी तेव्हा म्हणाले होते, "चाळीस वर्षं तुह्या आवाजानं माहे कान गेले, आता जिल्ह्याचे दुरुस्त करतं काय?"

आता तेच पुंजाजी खाटेवरून उठले. त्यांनी टोपी झटकली, घातली. "भागवत, तुले फ्लेक्स न्याचा तं ने. मी तुले नाई म्हनलं नाई. तिले लुगडं न्याचं तं नेऊ दे." मग राखीकडे न बघता, जणू हवेला, "मशीन चालू राहू दे. वाजलं तं वाजलं."

घरापासून विहार चालत आठ मिनिटं. झुंबरबाई लग्न होऊन उंद्रीत आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. विहिरीच्या वळणापर्यंत त्या रोज जात. वळणापलीकडच्या बौद्धवाड्यातल्या एकाही घरात त्या कधी बसल्या नव्हत्या. आज वळण आलं तेव्हा त्यांनी पुडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि चालत राहिल्या. राखी छकुलीला कडेवर घेऊन मागे होती. तिनं पोरीचे केस कानांवर ओढून घेतले होते. ते तिनं का केलं, ते तिचं तिलाच आवडलं नाही.

विहारापुढे मांडव होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, सतरंज्यांवर दाटीवाटीनं. खुर्च्यांवर पुण्याचे काही लोक, पायांतले मोजे काढू की नको अशा विचारात. समोर नागसेन सरांचा मोठा फोटो, दोन मेणबत्त्या, आणि फळ्यावर खडूनं नीट अक्षरांत लिहिलेलं: कालकथित नागसेन तुळशीराम. भागवतदादांनी तो फळा वाचला. मग गुंडाळलेला फ्लेक्स उभा धरून ते मांडवाच्या अगदी शेवटच्या खांबाला टेकून उभे राहिले. बांधायला दोरी आणली होती ती त्यांनी खिशात घातली.

फोटोशेजारी गादीवर सिंधूताई बसल्या होत्या. सत्तरीच्या, किरकोळ अंगाच्या, पाठ सरळ. त्या रडत नव्हत्या. बायका येऊन पाया पडत होत्या आणि त्या प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, जणू दुःख त्या बायकांचं होतं.

वंदना झाली. पुण्याचे एक जण बोलले, एक प्राध्यापक बोलले. नागसेन सरांना दिल्लीत मिळालेल्या सन्मानाचं नाव घेतलं गेलं, ते मागच्या रांगांना नीट कळलं नाही. मग भंतेजींनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. दोन मिनिटं शांत.

तीनेकशे माणसं उभी राहिली. बाहेर झाडावरची पाखरंसुद्धा ऐकू यायला लागली. राखीनं छकुलीला घट्ट धरलं आणि मनात म्हणाली, आता नको. आता नको गं.

आणि शिट्टी वाजली.

पुढच्या दोन रांगा वळल्या. राखीचा हात पोरीच्या कानावर गेला, झाकायला. पण सैल साच्यावर हात झाकला की आवाज हातावर आपटून परत फिरतो. शिट्टी मोठी झाली. हे तिला माहीत होतं. माहीत असून हात गेला. तिचं बोट बटनापाशी पोचलं. छकुलीनं ते बोट पकडलं. पकडलं आणि आईकडे बघितलं. एसटीच्या काचेखालून बघावं तसं, आधीच, बटन दाबायच्या आधीच.

राखीनं हात खाली घेतला. शिट्टी वाजत राहिली. तिचा चेहरा तापला होता, कुणाच्या तरी नजरेला नजर द्यावी तर कोणाच्या, हे तिला कळत नव्हतं. तेव्हा शेजारून गजेंद्र सरकला. त्यानं पोरीला तिच्या कडेवरून आपल्या कडेवर घेतलं आणि शिट्टी वाजणारा कान गर्दीच्या बाजूला करून, सगळ्यांना दिसेल असा, उभा राहिला.

दोन मिनिटं संपली. माणसं बसायला लागली, आणि गादीवरून सिंधूताईंचा आवाज आला.

"कोनाचा साचा सैल झाला?"

कोणाला कळलं नाही. त्यांनी परत विचारलं. "साचा सैल झाला कोनाचा तरी. वीस वर्षं थी शिट्टी ऐकली म्या. नवा साचा आला का नागसेन पहिले माह्या कानात घाले, मंग लेकराइच्या. पोरीले इकडे आना."

छकुलीला परत आपल्या कडेवर घेऊन राखी पुढे गेली. झुंबरबाई तिच्या पुढे होत्या. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर आल्या.

"मी झुंबर," झुंबरबाई म्हणाल्या. "पुंजाजीच्या घरची."

सिंधूताईंनी मान कलती केली. "परत बोल."

"काय बोलू?"

"काई बी. बोल."

"मी म्हनलं, झुंबर…"

"थांब व," सिंधूताईंनी तिचं मनगट धरलं. "तू थी जाम-भेदरंवाली बाई होय काय?"

झुंबरबाईंनी मान हलवली.

"पुन्यात मी राहाले गेलो का थो काम करत बसे अन् तुही टेप लाऊन ठेवे. जाम. भेदरं. सांबार. सकाळ-संध्याकाळ. मी म्हनो, ही कोन बाई भाजी इकून राह्यली रे घरात? थो म्हने, राहू दे माय, गावात बसल्यासारखं वाटते." त्यांचा आवाज तिथे पहिल्यांदा तुटला. "माह्या पोराले पुन्यात तू सोबत केली व बाई. अन् मले तुहं तोंड बी माहीत नाई."

झुंबरबाईंनी पुडी सोडली. पांढरं लुगडं सिंधूताईंच्या मांडीवर ठेवलं. "मावशी म्हने थो मले. म्हनजे मी तुही बहीन. दुखवटा आनला." मग अगदी हळू, "चाळीस वर्षं उशीर झाला याले."

सिंधूताईंनी लुगड्याची घडी उलगडली, परत घातली, आणि मांडीवरच राहू दिलं. मग दुसऱ्या बाजूला बघून हाक मारली, "फैजान. हाये काय रे?"

मागच्या रांगेतून चाळिशीकडे झुकलेला, दाढीत पांढरं आलेला एक माणूस उठला. त्याच्या खांद्याला चौकोनी काळी बॅग होती. राखीनं त्याला ओळखलं. मलकापूरचा फैजान, साचेवाला. शिबिरात तोच माप घ्यायचा.

"बॅग घेऊन आला नं? मंग बसून काऊन राह्यला?"

"आणली मावशी," फैजान म्हणाला. "लिस्टमधी उंद्रीची तीन पोरं आहेत. पण मातमच्या जागी कसं विचारू म्हटलं. हिंमतच नाही झाली."

राखीला वाटलं, आपलंच बोलणं कोणीतरी बोललं.

"त्याइचा कान वाढाचा थांबला काय दुखवट्यासाठी?" सिंधूताई म्हणाल्या. "काढ थे मशीन-बिशीन. इथंच बस."

मांडवात गर्दी होती म्हणून विहाराच्या कट्ट्यावर बसले. झुंबरबाईंनी छकुलीला मांडीवर घेतलं. फैजाननं उजव्या कानाचं यंत्र काढलं, दोरा बांधलेला कापसाचा बोळा हळूच आत सरकवला, आणि डबीतला गुलाबी मसाला मळायला घेतला. मग त्यानं वर पाहिलं. कट्ट्यावर थेट ऊन होतं.

"सावली पाहिजे, भाभी. उन्हात हा लवकर घट्ट होतो, माप बिघडते."

कोणी चादर शोधायला लागलं. त्याआधीच भागवतदादा आले होते. त्यांनी फ्लेक्स उलगडला. छापलेली बाजू खाली, पांढरी पाठ वर उन्हाकडे. एक टोक स्वतः धरलं. दुसऱ्या टोकाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"राखी, तिकडून धर."

लग्नानंतरच्या चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तिचं नाव घेतलं होतं. तिनं टोक धरलं.

"आता पाच मिनिटं," फैजान पिचकारीनं मसाला कानात भरत म्हणाला, "पोरीनं बोलायचं नाही, चावायचं नाही, रडायचं नाही. जबडा हलला का माप गेलं."

छकुलीचा डावा कान चालू होता. झुंबरबाईंनी त्या कानाशी तोंड नेलं नाही; आपल्या नेहमीच्या आवाजात, ओट्यावरच्या त्या रविवारांसारखं, एकेक शब्द टाकायला लागल्या. "इळा." पोरीच्या ओठांनी वळायला सुरुवात केली. तिला प्रत्येक शब्द मागून म्हणायची सवय होती. "अंहं," फैजान म्हणाला. छकुलीनं ओठ घट्ट मिटून घेतले, इतके घट्ट की गाल फुगले.

"गंज," झुंबरबाई. "भेदरं." शेजारून सिंधूताईही म्हणायला लागल्या, अर्धा शब्द मागे, टेप ऐकून पाठ झाल्यासारखं. "सांबार." "पऱ्हाटी."

"जाम."

छकुलीचा हात वर उठला. डोक्यावर फ्लेक्सचं छत होतं, त्यावर उलटे भागवतदादा, उलटे गॉगलवाले मित्र, आणि कोपऱ्यात पासपोर्टाएवढे नागसेन सर, जे येताना दर वेळी खिशातून एक जाम काढायचे. तिनं बोट बरोबर त्या छोट्या फोटोवर रोखलं आणि धरून ठेवलं.

भागवतदादांनी खाली बघितलं, बोट कुठे आहे ते पाहिलं, आणि आपल्या हातातलं टोक जरा उंच केलं, पोरीला नीट दिसावं म्हणून.

पाच मिनिटं झाली. माप अख्खं निघालं, कानाच्या प्रत्येक वळणासकट. फैजाननं ते उजेडात धरून पाहिलं, मान हलवली, डबीवर नाव, बाजू, तारीख लिहिली. मग डाव्या कानाचं घेतलं. जुन्या साच्याला पातळ थर लावून परत बसवला. नवा मलकापूरहून येईपर्यंत आठ-दहा दिवस निभेल म्हणाला. शिट्टी थांबली.

राखीनं चौदा फोनांचा प्रश्न आता विचारला. "कंपनी चालू राहील ना, भाऊ?"

फैजाननं झाकण लावलं. "वरचं मले नाही माहीत भाभी. खोटं नाही सांगत. पुण्यातले मोठे लोक ठरवतील. मले एवढं माहीत आहे का साचे मलकापुरात माझ्या खोलीत बनतात, अन् ते काम सरांनी माझा हात धरून शिकवलं. ते काही कोणी काढून नाही घेऊ शकत." त्यानं वहीत लिहिलं. "चार महिन्यांनी. पुढचं माप. लिहू ना?"

"लिहा," राखी म्हणाली. दहा दिवस जे पोटात होतं त्याला एक तारीख मिळाली. पुरेसं नव्हतं, पण धरायला होतं.

निघताना तिनं फोटोपाशी वाकून नमस्कार केला. काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, ते आठवेना. कडेवरची छकुली, तोंड मोकळं झाल्यापासून जिला आता थांबवणं शक्य नव्हतं, तेवढं म्हणाली. "जाम. जाम. जाम." राखीला वाटलं, आपण यापेक्षा बरं काही बोललो नसतो.

घरी आल्यावर झुंबरबाई ओट्याच्या पायरीवरच थांबल्या. वर चढल्या नाहीत.

"राखी, गंजभर पानी ठेव व चुलीवर. आंघोळ कराची हाये."

गजेंद्रनं मान वर केली. भागवतदादांच्या हातातला फ्लेक्स तसाच राहिला. त्यांचा चेहरा उतरला. "माय," ते म्हणाले, "थितून आली म्हनून आंघोळ? आत्ता तं बहीन म्हनून आली तिले."

"थितून आली म्हनून नाई बे," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बहिनीचं पोरगं गेलं म्हनून. घरचं मानूस गेलं का डोक्यावरून पानी घ्या लागते का नाई?"

पुंजाजी टोपी काढून खाटेवर ठेवत होते. "मंग मलेही ठेव गंजभर," ते म्हणाले.

भागवतदादांनी फ्लेक्स भिंतीशी उभा केला. शर्टाचं वरचं बटन काढलं. "मलेही," ते म्हणाले.

राखी आत गेली. मोठा गंज उतरवला, त्यावर मापाचं झाकण शोधलं, आणि सगळ्यांचं पाणी एकदमच ठेवलं.